सुप्त कासदाहाची ओळख : खानदेशातील गोठ्यांसाठी अल्पखर्चाची परीक्षा

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल या गावी काही जनावरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या आणि लम्पी चर्मरोगाच्या त्या वर्षीच्या साथीचा महाराष्ट्रात प्रवेश झाल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत संपूर्ण यंत्रणा कामास लागली. गुरांचे बाजार बंद करण्यात आले, जनावरांच्या वाहतुकीवर निर्बंध आले आणि गोवर्गीय जनावरांना मोफत लस टोचण्याची मोहीम गावोगाव राबविण्यात आली. रोग डोळ्यांना दिसत होता. त्यामुळे त्याची दखल घेणे पशुपालकांना, ग्रामपंचायतींना आणि शासनाला भागच होते.

याच गोठ्यांत त्यापूर्वीपासून वास करणारा आणि आजही कायम असलेला दुसरा एक रोग आहे. त्याच्या गाठी अंगावर येत नाहीत, जनावर चारा टाकत नाही, दूधही वरवर पाहता पांढरेशुभ्र असते. दिवसाकाठी अर्धा-पाऊण लिटर दूध मात्र कमी येते, आणि त्याचे खापर कधी उन्हाळ्यावर, कधी ढेपेच्या दर्जावर, तर कधी कोणाची नजर लागल्यावर फोडले जाते. हा रोग म्हणजे सुप्त कासदाह होय. तो ओळखण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. प्रत्येक घरात असणारी धुण्याची पावडर, पाणी आणि चार वाट्या एवढ्या साहित्यावर त्याचा माग काढता येतो. प्रश्न आहे तो ही परीक्षा नियमितपणे करण्याचा आणि तिचा निष्कर्ष हाती आल्यावर योग्य ती पावले उचलण्याचा.

खानदेशातील जोडधंदा

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढण्यात आला. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या प्रदेशाची ओळख कापूस आणि केळी या पिकांनी घडविली असली, तरी पशुधन हाही येथील अर्थव्यवस्थेचा जुना आधार आहे. खिलार जातीचा एक प्रकार 'तापी खिलार' अथवा 'थिलारी' या नावाने याच खोऱ्यात नांदला. तो मुख्यतः शेतीकामाच्या बैलांसाठी प्रसिद्ध होता. पुढे धवलक्रांतीच्या काळात दूधसंकलनाचे जाळे वाढले आणि संकरित गाई व जातिवंत म्हशी गोठ्यांत आल्या. जळगाव जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे 'विकास' हे नाव आज घरोघर परिचयाचे आहे. याच क्षेत्रासाठी असलेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले त्रिवेणी' ही तिहेरी संकरित गाय विकसित केली. तिच्यात होल्स्टीन फ्रिजियनचा ५० टक्के, जर्सीचा २५ टक्के आणि गीरचा २५ टक्के अंश आहे.

अधिक दूध देणाऱ्या जनावराची कास मोठी असते, तिच्यावरील ताणही मोठा असतो. खानदेशातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा संकरित जनावरांची प्रतिकारशक्ती खालावते. पावसाळ्यात गोठ्यात चिखल साचतो आणि जंतूंना अनुकूल परिस्थिती निर्माण होते. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याचे कापसाचे उत्पन्न पावसावर अवलंबून असते, त्याच्या घरी दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पैसा हाच किराण्याचा, शाळेच्या वह्यांचा आणि औषधपाण्याचा आधार असतो. एक-दोन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने कासेचा एक कप्पा कायमचा निकामी होणे ही किरकोळ बाब नव्हे.

कासेत काय घडते

गाईच्या किंवा म्हशीच्या कासेचे चार स्वतंत्र कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याचे दूध त्याच्या स्वतःच्या सडातून बाहेर येते. एका कप्प्यातील दूध आतल्या आत दुसऱ्या कप्प्यात जात नाही. यामुळेच एक कप्पा रोगग्रस्त आणि उरलेले तीन निरोगी, अशी स्थिती वारंवार आढळते.

सडाच्या टोकाशी असलेले छिद्र एरवी घट्ट मिटलेले असते. धार काढताना ते उघडते आणि त्यानंतर पूर्ववत मिटण्यास अर्धा ते एक तास लागतो. या अवधीत जनावर शेणामुतात बसले, तर जंतूंना आत शिरण्यास मोकळी वाट मिळते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस ॲगॅलॅक्शिए यांसारखे जंतू प्रामुख्याने धार काढणाऱ्याच्या हातांतून आणि कास पुसण्याच्या सामाईक फडक्यातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात. ई. कोलाय यांसारखे जंतू शेण, चिखल आणि ओलसर जमिनीतून येतात.

जंतू आत शिरताच शरीर प्रतिकारासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी कासेकडे पाठविते. दुधात उतरणाऱ्या या पेशींना कायिक पेशी म्हणतात. निरोगी कप्प्याच्या एक मिलिलिटर दुधात त्यांची संख्या साधारणतः एक लाखाहून कमी असते. ती दोन लाखांच्या वर गेली, की त्या कप्प्यात दाह असावा असे मानले जाते. हीच संख्या पुढे कित्येक लाखांवर जाते.

रोग उघड झाला की कास सुजते, तापते, दगडासारखी कठीण होते. म्हणूनच शेतकरी त्याला 'दगडी' म्हणतात. दुधात गुठळ्या, पू किंवा रक्त दिसते. हा झाला उघड कासदाह. सुप्त प्रकारात यांपैकी एकही चिन्ह नसते. देशात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्यांचा एकत्रित अभ्यास केला असता, सुप्त कासदाहाचे प्रमाण दर शंभर गाईंमागे चाळीस ते पन्नास यांच्या दरम्यान आढळले आहे. उघड रोगाचे प्रमाण यापेक्षा पुष्कळच कमी आहे. याचा अर्थ असा की, दवाखान्यात येणारी जनावरे ही या रोगाची लहानशी बाजू असून मोठी बाजू गोठ्यातच राहते.

नुकसानीचा हिशेब

या रोगामुळे देशाचे होणारे वार्षिक नुकसान सात हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एवढा मोठा आकडा गावातील पशुपालकाला आपला वाटत नाही. म्हणून त्याच्या गोठ्यातलाच हिशेब मांडणे अधिक उपयुक्त ठरेल.

समजा, एक संकरित गाय दिवसाला दहा लिटर दूध देते. चार कप्प्यांत ते सारखे वाटले, तर एका कप्प्याचे दूध अडीच लिटर होईल. सुप्त दाहामुळे त्या एका कप्प्याचे दूध एक-पंचमांशाने घटले, तर रोजचे नुकसान अर्धा लिटर होईल. तीनशे दिवसांच्या वेतात ते दीडशे लिटर होते. लिटरला तीस रुपये भाव धरला, तर साडेचार हजार रुपये हातचे जातात, आणि तेही जनावर आजारी आहे हे कळल्याशिवाय.

शिवाय नुकसान केवळ दुधाच्या प्रमाणात होत नाही. कासेतील दूध निर्माण करणाऱ्या पेशींना इजा झाल्यामुळे दुधातील दुग्धशर्करा आणि केसीन ही प्रथिने घटतात, तर रक्तातील मिठाचा अंश दुधात उतरतो. परिणामी दुधाची 'एसएनएफ' म्हणजे स्निग्धेतर घनघटकांची टक्केवारी खाली येते. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ यांवर ठरत असल्यामुळे संकलन केंद्रावर पशुपालकाला कमी दर मिळतो. केंद्रचालकाला त्यात पाण्याचा संशय येतो, तर उत्पादकाला मापात खोट असल्याचा. अनेक गावांतील अशा कुरबुरींच्या मुळाशी ना पाणी असते ना खोटे माप. एखादी दाह झालेली कास असते.

ग्राहकाच्या आरोग्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. स्टॅफिलोकॉकस जंतू उकळण्याने मरतात, परंतु त्यांपैकी काहींनी दुधात सोडलेले विष उष्णतेने सहजासहजी नष्ट होत नाही. त्यामुळे 'उकळले म्हणजे झाले' ही समजूत सर्वस्वी खरी नाही.

परीक्षेची कुळकथा

दुधातील पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखता याव्यात, हा प्रयत्न जुना आहे. १९३९ मध्ये व्हाइटसाइड यांनी दुधात कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिसळण्याची परीक्षा पुढे आणली. दाह असलेले दूध त्यात घट्ट व तारदार होत असे. परंतु कॉस्टिक सोडा हाताळणे गोठ्यात धोक्याचे होते. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील शाम आणि नूरलँडर यांनी कॉस्टिक सोड्याऐवजी प्रक्षालक, म्हणजे धुण्याच्या पावडरीतील मुख्य द्रव्यासारखा पदार्थ वापरला आणि 'कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट' जगभर रूढ झाली. तिच्यातील तत्त्व सोपे आहे. प्रक्षालक ज्याप्रमाणे कपड्यावरील तेलकट डाग सोडवितो, त्याचप्रमाणे तो पेशीचे स्निग्ध आवरण विरघळवितो. आवरण फुटताच पेशीच्या केंद्रातील 'डीएनए' हे लांब धाग्यासारखे द्रव्य बाहेर पडते आणि दूध चिकट होऊन त्याचा गर बनतो. पेशी जितक्या अधिक, तितका गर दाट.

आपल्याकडे ही परीक्षा पशुवैद्यकीय दवाखान्यांत आणि दूध संघांच्या शिबिरांत वापरली जाते. तथापि तिचे द्रावण विकत आणावे लागते आणि खेड्यातील लहान पशुपालकाच्या हाती ते नेहमी असेलच असे नाही. या अडचणीवर तोडगा काढला तो आपल्यासारख्याच परिस्थितीतील संशोधकांनी. पाकिस्तानातील फैसलाबाद, म्हणजे पूर्वीचे लायलपूर, येथील कृषी विद्यापीठातील पशुवैद्यकांनी १९९५ च्या सुमारास बाजारात मिळणाऱ्या धुण्याच्या पावडरीचे तीन टक्क्यांचे द्रावण याच कामासाठी वापरून दाखविले. 'सर्फ' या पावडरीवरून तिला 'सर्फ परीक्षा' हे नाव मिळाले. एक-दोन म्हशी बाळगणाऱ्या कुटुंबांना परवडेल असे साधन त्यांना हवे होते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गरजही नेमकी हीच आहे.

परीक्षेची कृती

१. द्रावण : अर्धा लिटर स्वच्छ पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर टाकावी. पावडर किराणा दुकानातील काट्यावर एकदा तोलून घ्यावी आणि तेवढ्या मापाचे टोपण कायमचे ठरवून ठेवावे. द्रावण हळुवार ढवळावे. फेस आल्यास तो बसेपर्यंत थांबावे. विहिरीचे पाणी दुष्फेन म्हणजे जड असेल, तर पावसाचे साठविलेले किंवा शुद्ध केलेले पाणी घ्यावे. बाटलीवर स्पष्ट अक्षरांत नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. दर आठवड्याला ताजे द्रावण करणे सोयीचे आणि नगण्य खर्चाचे आहे.

२. पहिली धार : परीक्षा दूध काढण्यापूर्वी करावी. कास व सड धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावेत. प्रत्येक सडातील पहिल्या दोन-तीन धारा काळे फडके ताणून बांधलेल्या वाटीवर सोडाव्यात. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक गुठळ्या, पू अथवा रक्ताची रेघ चटकन दिसते. तसे काही दिसल्यास तो उघड कासदाह होय. तेथे पुढील परीक्षेसाठी न थांबता पशुवैद्यकाला बोलवावे.

३. नमुना : पांढऱ्या रंगाच्या चार सारख्या वाट्या एका ताटात मांडून त्यांवर 'पुढील डावा', 'पुढील उजवा', 'मागील डावा', 'मागील उजवा' अशा खुणा कराव्यात. प्रत्येक सडाचे थोडे दूध त्याच्या वाटीत घ्यावे आणि प्रत्येक वाटीत अंदाजे तीन मिलिलिटर दूध उरेल असे पाहावे. चारही सडांचे दूध एकत्र करून परीक्षा करू नये, कारण तीन निरोगी कप्प्यांच्या दुधात चौथ्याचा दोष झाकला जातो.

४. मिश्रण : सुई काढलेल्या पिचकारीने दुधाइतकेच, म्हणजे तीन मिलिलिटर, द्रावण प्रत्येक वाटीत घालावे. नंतर ताट दहा ते वीस सेकंद आडवे गोल फिरवून त्याच वेळी निरीक्षण करावे. वेळ गेल्यास गर सैल पडतो आणि निष्कर्ष चुकतो.

५. स्वच्छता : तपासलेले दूध कोणालाही पिण्यास देऊ नये, चरवीत परत ओतू नये किंवा गोठ्याच्या जमिनीवर सांडू नये. ते मोरीत टाकून वाट्या धुवाव्यात व कोरड्या कराव्यात.

एका जनावरास बारा मिलिलिटर द्रावण लागते. म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये सुमारे चाळीस जनावरांची तपासणी होते. पावडर दीडशे रुपये किलो धरली, तरी चाळीस जनावरांसाठी लागणाऱ्या पावडरीचा खर्च सव्वादोन रुपये येतो. वर दिलेल्या साडेचार हजारांच्या नुकसानीशी हा खर्च ताडून पाहावा.

निष्कर्ष कसा वाचावा

मिश्रण पाण्यासारखे पातळ राहून वाटीत मोकळे फिरले, तर कप्पा निरोगी समजावा. वाटी तिरपी केल्यावर तळाशी किंचित चिकटपणा दिसून तो फिरवताना नाहीसा झाला, तर ती संशयित अवस्था होय; आठवड्याने पुन्हा तपासणी करावी. मिश्रण स्पष्टपणे दाट झाले, परंतु गोळा झाला नाही, तर सौम्य सुप्त दाह समजावा. मिश्रणाचा गर होऊन तो वाटीच्या मध्यभागी गोळा होऊ लागला किंवा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा एकसंध ओघळला, तर दाह तीव्र आहे असे मानावे.

सुरुवातीस नजर बसण्यासाठी एक युक्ती उपयोगी पडते. दवाखान्यातील कॅलिफोर्निया परीक्षेत निरोगी ठरलेल्या आणि दाह असलेल्या जनावरांचे दूध घेऊन पशुवैद्यकाच्या समक्ष पावडरीच्या द्रावणाने तीच तपासणी करून पाहावी. दोन्ही परीक्षांचे निकाल जुळल्यास ती पावडर आणि ते माप कायम करावे. पावडरींच्या घटकांत फरक असतो, म्हणून पावडर बदलल्यास हा पडताळा पुन्हा घ्यावा. अंगाचा किंवा कपड्याचा साबण किसून वापरू नये. त्याचा परिणाम सारखा मिळत नाही.

याखेरीज ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्याच्या कागदी पट्ट्यांची परीक्षाही स्वस्त आहे. ताज्या दुधाचा सामू साधारणपणे ६.६ ते ६.८ असतो. दाह झाल्यावर दूध अल्कधर्मी बाजूला झुकते आणि पिवळसर पट्टी हिरवी अथवा निळसर होते. मात्र सौम्य दाहात सामू फारसा बदलत नसल्यामुळे ही पट्टी अनेक जनावरे निरोगी ठरविते. विद्युतवाहकता मोजणारी उपकरणे चांगली असली, तरी लहान पशुपालकाला ती परवडणारी नाहीत. दूध चाखून खारटपणा पाहण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. कच्चे, दूषित दूध तोंडात घेणे धोक्याचे आहे.

मर्यादा

कोणतीही परीक्षा तिच्या मर्यादांसह स्वीकारली, तरच ती उपयोगी ठरते. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात चिकामध्ये आणि वेताच्या अखेरीस दूध आटत असताना पेशींची संख्या स्वाभाविकच वाढलेली असते. त्या काळात चिकटपणा दिसला म्हणून रोग आहे असे समजू नये. दुसरे म्हणजे, ही परीक्षा दाह आहे एवढेच सांगते. तो कोणत्या जंतूमुळे आहे किंवा त्यावर कोणते औषध चालेल, हे सांगत नाही. त्यासाठी निर्जंतुक बाटलीत दुधाचा नमुना घेऊन पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. पुण्यातील औंध येथील पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग हे या कामाचे राज्यातील प्रमुख केंद्र आहे.

ही दुसरी मर्यादा विसरली गेली, तर परीक्षेपासून लाभाऐवजी हानीच संभवते. वाटीत गर दिसला की औषधाच्या दुकानातून ट्यूब आणून ती सडात सोडणे हा प्रकार टाळलाच पाहिजे. स्वच्छतेची काळजी न घेता सोडलेली ट्यूब नवे जंतू आत नेते. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. औषधाचा अंश दुधातून माणसाच्या पोटात जातो. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, हे घरातील गृहिणीलाही अनुभवाने ठाऊक असते. दुग्धकाळात आढळलेल्या सुप्त दाहाच्या कित्येक रुग्णांवर लगेच प्रतिजैविक देण्याऐवजी भाकड काळात उपचार करणे अधिक श्रेयस्कर असते. हा निर्णय पशुवैद्यकाचा आहे.

दाह आढळल्यावर

औषधाआधी व्यवस्था बदलावी लागते, आणि तिला पैसा लागत नाही.

धार काढण्याचा क्रम ठरवावा. निरोगी जनावरे प्रथम, संशयित त्यानंतर आणि दाह असलेले सर्वांत शेवटी. त्याच जनावराचा दाह असलेला सडही शेवटी पिळावा. प्रत्येक जनावरानंतर हात साबणाने धुवावेत आणि पुसण्यासाठी प्रत्येकाचे फडके स्वतंत्र असावे. अंगठा मुडपून सड दाबण्याची पद्धत सडाच्या आतील नाजूक अस्तराला इजा करते. म्हणून पूर्ण मुठीने धार काढावी. दूध कासेत शिल्लक ठेवू नये.

धार संपल्यावर प्रत्येक सड पशुवैद्यकाने सुचविलेल्या आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवावा आणि लगेच गव्हाणीत चारा टाकावा. जनावर खाण्यात गुंतून उभे राहिले, की सडाचे छिद्र मिटण्यास अवधी मिळतो. कडबा किंवा हिरवा चारा धारेच्या आधी टाकण्याऐवजी नंतर टाकणे एवढाच हा बदल आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला एक पारंपरिक लेपही खेड्यात सहज करता येण्यासारखा आहे. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना वाटून केलेला हा लेप, कास पूर्ण पिळून व धुऊन घेतल्यावर, दिवसातून अनेक वेळा बाहेरून लावतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याला तो पूरक आहे, पर्याय नव्हे. ताप, तीव्र सूज, चारा सोडणे यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी संपर्क साधता येतो.

प्रतिजैविक दिले गेल्यास चिठ्ठीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत त्या जनावराच्या चारही सडांचे दूध केंद्रावर घालू नये आणि घरीही वापरू नये.

गावाची जबाबदारी

ही परीक्षा एका गोठ्यात एकदा करून भागत नाही. महिन्यातून एक दिवस निश्चित करून गावातील सर्व दुभत्या जनावरांची तपासणी झाली, तरच रोगाचा माग राहतो. या कामाचे स्वाभाविक केंद्र म्हणजे प्राथमिक दूध संस्था. तिच्या नोंदवहीत जनावर, तारीख आणि चार कप्प्यांचे निकाल असे साधे रकाने असावेत. सलग तीन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या, की कोणत्या गोठ्यात दाह पसरत आहे आणि कोणते जनावर वारंवार दोषी ठरत आहे, हे पशुधन विकास अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते आणि त्याचा वेळ खऱ्या गरजेच्या ठिकाणी खर्च होतो.

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. परीक्षेत दोष दिसला म्हणजे आपले दूध बंद होणार किंवा गावात आपले नाव होणार, अशी भीती उत्पादकाच्या मनात निर्माण झाली, तर तो जनावर तपासणीस आणणारच नाही. उघड रोगाचे आणि औषधोपचार चालू असलेले दूध स्वीकारू नये, हा नियम कडकपणे पाळावाच लागेल. परंतु सुप्त दाहाची नोंद ही उपचारासाठी आहे, दंडासाठी नव्हे, हे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी कृतीने पटवून दिले पाहिजे. तपासणीचा निकाल फलकावर न लावता ज्याचा त्याला सांगावा.

गोठ्यातील झाडलोट, चारा आणि पुष्कळ ठिकाणी धार काढण्याचे कामही घरातील स्त्रियाच करतात. तरीही प्रशिक्षणाचे निमंत्रण बहुधा पुरुषांना जाते. परीक्षेचे प्रात्यक्षिक महिला बचत गटांच्या बैठकीत, त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवल्यास ते योग्य हातांत पोहोचेल. सातपुड्याच्या पायथ्याशी पाल येथे असलेले कृषी विज्ञान केंद्र, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाच्या परिसरातील कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना यांचे साहाय्य यासाठी घेता येईल.

ग्रामपंचायतीचे कार्य गोठ्याबाहेरचे असले, तरी ते कमी महत्त्वाचे नाही. वस्तीतील सांडपाण्याचा निचरा, संकलन केंद्रावर हात व भांडी धुण्यासाठी पाण्याची सोय, शेणखताचे खड्डे गोठ्यापासून दूर नेणे, या गोष्टी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येऊ शकतात. शिक्षकांनाही या कामात स्थान आहे. पेशीचे आवरण, प्रक्षालकाचे कार्य, सामू हे विषय शालेय विज्ञानात आहेतच. निरोगी आणि सदोष दुधाचे दोन नमुने वर्गात शेजारी शेजारी तपासून दाखविले, तर मुलांना विज्ञान आपल्या गोठ्याशी जोडलेले दिसेल. शिरपूर, साक्री किंवा चोपडा तालुक्यातील एखादी मुलगी घरी जाऊन आईला चार वाट्या मांडून दाखवील, तेव्हा सरकारी पत्रकाला जे साधत नाही ते साधेल.

लम्पीच्या साथीत खानदेशातील गावांनी एकत्र येऊन काम केले, कारण संकट सर्वांना दिसत होते. सुप्त कासदाहाच्या बाबतीत पहिले काम ते संकट दिसेल असे करण्याचे आहे. त्यासाठी लागणारी पावडर प्रत्येक घरात आहे. दूध संस्थेने महिन्यातील एक दिवस ठरवावा, नोंदवही घालावी आणि दवाखान्याशी संपर्क ठेवावा. एवढी व्यवस्था एका गावात वर्षभर टिकली, तरी तेथील नोंदी शेजारच्या गावांना पुरेसा पुरावा ठरतील.